पाकिटावरचा पत्ता आणि आतले पत्र

कोणत्याही कचेरीत अर्ज आला की दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अर्जदाराला तशी मागणी करण्याचा अधिकार आहे काय, आणि त्याची मागणी नेमकी कोणत्या गोष्टीविषयी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच कागदावरून पाहिल्या गेल्या तर घोटाळ्याला फारशी जागा राहत नाही. परंतु अधिकार तपासणारा कारकून पाकिटावरचा मजकूर वाचून शिक्का मारू लागला आणि नोंद करणारा कारकून पाकिटातले पत्र वाचून नोंद करू लागला, तर दोघेही आपापले काम चोख बजावीत असताना दप्तरात खोटी नोंद होऊ शकते. पाकिटावर स्वत:च्या जमिनीचा गट क्रमांक आणि आतल्या अर्जात शेजाऱ्याच्या जमिनीचा, एवढी युक्ती फेरफार करून घेण्यास पुरेशी ठरेल. २०२१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात जगातील एका अतिविशाल आज्ञावली-भांडारात नेमके असेच घडू शकत होते, असे त्या भांडाराच्या मालकांनीच जाहीर केले. त्या वेळी आपल्याकडे या घटनेची फारशी चर्चा झाली नाही. संगणकशास्त्राचा विषय म्हणून ती तज्ज्ञांवर सोपविण्यात आली. वस्तुत: तिच्यातील प्रश्न अधिकाराचा, विश्वासाचा आणि जबाबदारीच्या वाटणीचा आहे, आणि तो साऱ्या समाजाचा आहे.

या भांडाराचे नाव एनपीएम. २०१० साली ते सुरू झाले आणि २०२० साली गिटहब या कंपनीने ते विकत घेतले. स्वत: गिटहबची स्थापना २००८ सालची. जगभरचे संगणक-लेखक आपला कोड जेथे ठेवतात, एकमेकांना दाखवितात, सुधारतात, अशी ती जागा. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर्सना गिटहब खरेदी करण्याचा करार केला, यावरून तिचे मोल लक्षात यावे. भारतातील एक कोटीहून अधिक लोकांची खाती तेथे आहेत. एनपीएमच्या भांडारात जावास्क्रिप्ट या भाषेतील वीस लाखांहून अधिक तयार पॅकेजे आहेत. संकेतस्थळ बांधणारा माणूस प्रत्येक वीट स्वत: भाजीत नाही, तो या भांडारातून विटा आणतो. त्या विटाही दुसऱ्या विटांपासून बनलेल्या असतात. बँकेच्या, विद्यापीठाच्या किंवा सरकारी खात्याच्या संकेतस्थळामागे अशी शेकडो पॅकेजे असू शकतात, आणि ती वापरणाऱ्यांना त्यांच्या कर्त्यांची नावेही ठाऊक नसतात.

दोन तपासण्यांमधली फट

या भांडारात नवे पॅकेज किंवा जुन्याची नवी आवृत्ती ठेवावयाची तर एका संगणकाला दुसऱ्या संगणकाकडे ठरावीक नमुन्यात मागणी करावी लागते. मागणीच्या या नमुनेदार मार्गास एपीआय म्हणतात. यूपीआयने पैसे पाठविताना किंवा डिजिलॉकरमधून गुणपत्रिका काढताना पडद्यामागे अशाच मागण्यांची ये-जा चालू असते. एनपीएममध्ये मागणी आली की एक सेवा तिचा पत्ता वाचून, हा सभासद या पॅकेजचा धनी आहे काय, हे तपासत असे. ही तपासणी बिनचूक होती. परंतु प्रत्यक्ष प्रकाशन करणारी दुसरी सेवा, कोणत्या पॅकेजची आवृत्ती प्रसिद्ध करावयाची, हे मागणीच्या पत्त्यावरून न ठरविता सोबत आलेल्या फाइलच्या आतील मजकुरावरून ठरवीत असे. त्यामुळे पत्त्यात स्वत:च्या पॅकेजचे नाव आणि फाइलमध्ये दुसऱ्याच्या पॅकेजचे नाव घातले की पहिली सेवा परवानगी देई आणि दुसरी सेवा दुसऱ्याच्याच नावावर माल प्रसिद्ध करी. एकही कुलूप फोडावे लागत नव्हते, एकही किल्ली चोरावी लागत नव्हती.

दोघा सुरक्षा-संशोधकांनी २ नोव्हेंबर २०२१ रोजी ही फट बक्षीस योजनेमार्फत गिटहबच्या कानावर घातली आणि सहा तासांच्या आत ती बुजविण्यात आली. परवानगी ज्या पॅकेजची, प्रकाशनही त्याचेच, एवढी जुळणी दोन्ही सेवांत करण्यात आली. १५ नोव्हेंबरला गिटहबने सर्व हकीकत प्रसिद्ध केली. येथवर हा प्रकार दक्षतेचा नमुना म्हणून सांगता येईल. परंतु त्याच निवेदनात एक कबुली होती आणि ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. उपलब्ध नोंदी सप्टेंबर २०२० पर्यंतच मागे जात होत्या. त्या काळात या फटीचा गैरवापर झालेला नाही, अशी खात्री कंपनीने दिली. मात्र फट त्याहून जुनी होती. त्याआधी कोणी या वाटेने आत शिरले होते काय, या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगे दप्तरच शिल्लक नव्हते.

ही भीती काल्पनिक म्हणून बाजूला सारता येत नाही. ही फट कळविली गेली त्याच्या अकराच दिवस आधी, २२ ऑक्टोबर २०२१ रोजी, 'यूए-पार्सर-जेएस' नावाच्या एका पॅकेजच्या कर्त्याचे खाते कोणीतरी बळकावले आणि त्याच्या नावाने तीन विषारी आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. हे पॅकेज आठवड्याला लक्षावधी वेळा उतरवून घेतले जात होते. त्या आवृत्त्या ज्या यंत्रांवर पोचल्या तेथे पासवर्ड चोरण्याची आणि परक्याच्या विजेवर आभासी चलन खणण्याची सोय झाली. काही तासांत प्रकार उघडकीस आला, तरी अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेस जाहीर इशारा द्यावा लागला. हे एका खात्याचे, एका पॅकेजचे प्रकरण होते. नोव्हेंबरमध्ये कळलेल्या फटीतून भांडारातील कोणत्याही पॅकेजच्या नावाने असा माल पाठविता आला असता, आणि तोही कर्त्याच्या खात्यास हात न लावता.

जुनाच दोष, नवी रूपे

हा दोष एकाच कंपनीचा किंवा एकाच वर्षाचा नाही. ४ मार्च २०१२ रोजी एगोर होमाकोव्ह या रशियन तरुणाने खुद्द गिटहबवर असाच प्रयोग करून दाखविला. सभासदाने आपली किल्ली नोंदविण्यासाठी भरावयाच्या नमुन्यात, ही किल्ली कोणाची, हा रकाना वापरणाऱ्याला दिसत नसे. परंतु कोणी तो स्वत:हून भरून पाठविला तर यंत्रणा तो निमूटपणे स्वीकारीत असे. होमाकोव्हने आपली किल्ली 'रेल्स' या प्रसिद्ध प्रकल्पाच्या नावावर नोंदविली आणि त्या प्रकल्पाच्या भांडारात एक फाइल ठेवून दाखविली. विशेष असे की, हा धोका त्याने काही दिवस आधी रेल्सच्या चालकांपुढे मांडला होता. कोणते रकाने स्वीकारावयाचे हे ठरविण्याची जबाबदारी रेल्स वापरून आज्ञावली लिहिणाऱ्याची आहे, असे उत्तर त्याला मिळाले होते. गिटहब स्वत: रेल्सवरच उभारलेले होते! तासाभरात फट बुजविली गेली, होमाकोव्हचे खाते आधी स्थगित करण्यात आले आणि चौकशीनंतर पूर्ववत झाले. रेल्सनेही पुढे आपला शिरस्ता बदलला. जे स्पष्टपणे परवानगीच्या यादीत नाही ते नाकारावयाचे, असा नियम २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत मूळ रचनेचाच भाग झाला.

२०२४ सालच्या जानेवारीत गिटलॅब या दुसऱ्या कोड-भांडाराच्या आज्ञावलीत याच जातीचा दोष निघाला. पासवर्ड विसरल्याची विनंती करताना खातेदाराच्या पत्त्याबरोबर दुसरा, पडताळणी न झालेला ई-मेल पत्ता जोडला तर नवा पासवर्ड ठरविण्याचा दुवा त्या परक्या पत्त्यावरही जात असे. गांभीर्य मोजण्याच्या दहा गुणांच्या पट्टीवर या दोषास दहापैकी दहा गुण मिळाले. ११ जानेवारीला दुरुस्ती प्रसिद्ध झाली, पण त्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी केलेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक सर्व्हर दुरुस्तीविना उघडे आढळले. ज्यांनी लॉगिनसाठी दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावली होती त्यांचा पासवर्ड बदलता येत असला तरी खात्याचा ताबा जात नव्हता.

तिन्ही प्रकरणांची यंत्रे निराळी, चूक मात्र एकच. मागणाऱ्याने स्वत:विषयी किंवा वस्तूविषयी जे सांगितले त्यावर, प्रत्यक्ष कृती करणाऱ्या हाताने पुन्हा प्रश्न न विचारता विश्वास ठेवला. आणि ही चूक अज्ञातही नव्हती. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणाची जी सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वस्तूपर्यंतची प्रत्येक मागणी प्रत्येक वेळी तपासली जावी, हे एक सूत्र आहे. आणि परवानगीचा आधार नसेल तर नकार हाच शिरस्ता असावा, हे दुसरे. १९८८ साली नॉर्म हार्डी यांनी एका लेखात 'गोंधळलेला मुखत्यार' ही कल्पना रूढ केली. ज्याला धन्याने मोठे अधिकार दिले आहेत तो मुखत्यार, परक्याच्या मागणीवरून, ते अधिकार नको त्या ठिकाणी वापरून बसतो. एनपीएमची प्रकाशन करणारी सेवा ही अशा मुखत्याराचे चांगले उदाहरण होय. आज्ञावलींच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या दोषयादीत २०१७ साली अधिकार-तपासणीतील त्रुटींचा क्रमांक पाचवा होता, तो २०२१ साली पहिला झाला. औषध पन्नास वर्षे ठाऊक असूनही रोग पहिल्या क्रमांकावर यावा, याचे कारण वैद्यकात न शोधता औषधाचा खर्च कोण देतो, यात शोधले पाहिजे.

खर्च एकाचा, नुकसान दुसऱ्याचे

केंब्रिजचे दिवंगत प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी २००१ साली एका निबंधात हा मुद्दा अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला. संगणकीय सुरक्षा ढासळते ती बहुधा तंत्राच्या उणिवेमुळे नव्हे. संरक्षण करण्याची शक्ती एकाकडे आणि नुकसान दुसऱ्याकडे अशी विभागणी झाली की ती ढासळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे उदाहरण पैसे देणाऱ्या यंत्रांचे आहे. खात्यातून आपण रक्कम काढलीच नाही अशी तक्रार ग्राहकाने केली, तर अमेरिकेत ती खोटी ठरविण्याचा भार बँकेवर होता. ब्रिटनमध्ये बराच काळ तो व्यवहारात ग्राहकावर पडत असे. वरवर पाहता ब्रिटिश बँका भाग्यवान. प्रत्यक्षात त्या निष्काळजी बनल्या, त्यांच्याकडे घोटाळे वाढले, आणि सुरक्षेवर त्यांनी अमेरिकी बँकांपेक्षा अधिक पैसा ओतला तो वाया गेला. नुकसानीची झळ ज्याला लागते तोच दार नीट लावतो, हा यातील बोध आहे.

कोड-भांडारांच्या बाबतीत ही विभागणी आणखी विषम आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२४ सालच्या एका अभ्यासात, सर्वत्र वापरली जाणारी मुक्त आज्ञावली एकदा नव्याने लिहून काढावयाची तर सुमारे ४१५ कोटी डॉलर्स लागतील असा अंदाज आहे. परंतु ती वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापल्यासाठी ती लिहावी लागली असती तर खर्च सुमारे ८.८ लाख कोटी डॉलर्सवर गेला असता. या दोन आकड्यांमधील दरी हाच समाजाचा लाभ. सार्वजनिक विहिरीचे पाणी सारा गाव भरतो, गाळ काढावयाच्या दिवशी मात्र दोन-चार माणसेच दोर घेऊन येतात. मुक्त आज्ञावलीचे तसेच झाले आहे. पुष्कळ पॅकेजांचे कर्ते नोकरीधंदा सांभाळून, विनावेतन ही कामे करतात. अशा एका कर्त्याच्या नावाने परक्याने माल प्रसिद्ध केला, तर दोष त्याच्या माथी येतो, हानी अनोळखी लोकांची होते, आणि ज्या दाराची तपासणी चुकली त्या दाराचा मालक दिलगिरी व्यक्त करून मोकळा होऊ शकतो.

एकाच भांडारात सर्वांनी माल ठेवण्यात काटकसर आहे, हे नाकारता येणार नाही. नोव्हेंबर २०२१ मधील दुरुस्ती सहा तासांत झाली आणि तिचा लाभ तत्क्षणी साऱ्या जगाला मिळाला, तो याच केंद्रीकरणामुळे. उलट गिटलॅबची आज्ञावली जेथे जेथे ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर बसविलेली होती, तेथे हजारो दारे दुरुस्तीविना उघडी राहिली. तेव्हा केंद्रीकरण वाईट आणि विकेंद्रीकरण चांगले, असा सोपा निवाडा येथे उपयोगाचा नाही. पण सर्वांचे धान्य एकाच कोठारात साठत असेल, तर त्या कोठाराच्या राखणदारावर सामान्य दुकानदारापेक्षा अधिक कठोर कर्तव्ये असली पाहिजेत, एवढे तरी मान्य करावे लागेल. गिटहबने फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वाधिक अवलंबून असलेल्या शंभर एनपीएम पॅकेजांच्या चालकांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची केली. हे पाऊल स्वागतार्ह होते. तथापि कर्त्याच्या दाराला दुसरे कुलूप लावल्याने भांडाराच्या आतील भिंतीची फट बुजत नाही, हेही तितकेच खरे.

मौनाची किंमत

फट सापडली तर ती जाहीर करावी की गुपचूप बुजवावी, हा वाद जुना आहे. जाहीर केल्याने चोरांना वाट कळते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. म्हणूनच आधी दुरुस्ती व मग निवेदन, हा क्रम योग्य ठरतो. एनपीएमच्या प्रकरणात या दोहोंत तेरा दिवसांचे अंतर होते. परंतु कायमच्या मौनाचा परिणाम काय होतो, हे उबर या कंपनीच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे. २०१६ साली हल्लेखोरांनी तिच्या गिटहबवरील खासगी कोडमध्ये प्रवेश मिळविला, तेथे त्यांना माहितीसाठ्याची किल्ली आयतीच सापडली, आणि जगभरातील ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. कंपनीने बक्षीस योजनेच्या आवरणाखाली एक लाख डॉलर्स देऊन प्रकरण दाबले. वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ मध्ये, ते बाहेर आले. २०१८ साली अमेरिकेतील राज्यांना १४ कोटी ८० लाख डॉलर्स देऊन तडजोड करावी लागली आणि २०२२ साली कंपनीचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख न्यायालयात दोषी ठरले. बक्षिसाची रक्कम दोन्ही प्रकरणांत होती; एकीत ती सत्य कळविल्याबद्दल होती, दुसरीत सत्य लपविण्यासाठी होती.

सत्य सांगावयाचे तर ते आधी ठाऊक असावे लागते, आणि त्यासाठी दप्तर लागते. भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांच्या आत कळविणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२५ साली अधिसूचित झालेल्या नियमांत नोंदींची मुदत एक वर्षाची धरलेली आहे. एनपीएमच्या नोंदी सुमारे चौदा महिने मागे जात होत्या आणि तरीही त्या अपुऱ्या पडल्या, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. घरफोडी झाल्यावर चोराची पावले दिसतात. अधिकार-तपासणीतील फटीतून येणारा मात्र पाहुण्यासारखा शिरस्त्याच्या दाराने येतो. त्याची ओळख पटते ती फार उशिरा, आणि केवळ जुन्या नोंदींवरून. प्रत्येक लहान दुकानदाराने वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवाव्यात असा आग्रह धरणे अव्यवहार्य होईल. परंतु ज्या भांडारांवर इतरांचे व्यवहार उभे आहेत त्यांनी निदान प्रकाशनाच्या नोंदी, म्हणजे कोणी, केव्हा, कशाच्या नावावर काय ठेवले हे, कायम जपावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. जमिनीचे फेरफार सहा महिन्यांनी किंवा वर्षाने जाळून टाकावयाचे नसतात.

कळविणाऱ्याचे रक्षण

दुसरा प्रश्न फट दाखविणाऱ्याचा. २०१२ साली होमाकोव्हचे खाते स्थगित झाले आणि २०२१ साली संशोधकांचे आभार मानले गेले, या दोन घटनांमध्ये केवळ नऊ वर्षांचे अंतर नाही. मधल्या काळात एक रीत घडली. २०१२ च्या प्रकरणानंतर गिटहबने, दोष कसा कळवावा आणि तसे करणाऱ्यास कसे वागविले जाईल, याचे धोरण जाहीर केले. २०१४ साली बक्षीस योजना सुरू केली. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने, सद्हेतूने केलेल्या सुरक्षा-संशोधनाबद्दल संगणक-घुसखोरीच्या कायद्याखाली खटले भरले जाऊ नयेत, असे धोरण जाहीर केले. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणारा नुकसानभरपाईस पात्र होतो, आणि अप्रामाणिक किंवा कपटी हेतू असेल तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास होऊ शकतो. सर्ट-इनकडे दोष कळविण्याची सोय आहे. परंतु हेतू शुद्ध होता हे सिद्ध करण्याची वेळ जबाब देताना येणार असेल, तर अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातला हुशार विद्यार्थी बहुधा गप्प बसणेच पसंत करील. ज्याचे हेतू शुद्ध नाहीत तो तर कायदा विचारीत बसतच नाही! म्हणजे या संदिग्धतेचा लाभ कोणाला होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मर्यादा पाळून तपासणी करणाऱ्या, माहितीस हात न लावणाऱ्या आणि दोष प्रथम मालकासच कळविणाऱ्यास कायद्यात स्पष्ट संरक्षण मिळाले पाहिजे.

तिसरा प्रश्न दायित्वाचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. दायित्व लादले तर विनावेतन काम करणारे कर्ते हात आखडून घेतील, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय दायित्व मुळीच न ठेवणे हा नव्हे. ते योग्य खांद्यावर ठेवणे हा आहे. युरोपीय संघाचा सायबर लवचिकता कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातील बहुतेक तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू करावयाच्या आहेत. बाहेरून आणलेली, मुक्त आज्ञावलीसह सर्व घटकद्रव्ये तपासून घेण्याची जबाबदारी तो विकणाऱ्या उत्पादकावर टाकतो. मोठा दोष राहिल्यास दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढ्यापर्यंत दंड ठेवतो. व्यापाराशी संबंध नसलेल्या मुक्त आज्ञावलीच्या कर्त्यांना त्याने बाहेर ठेवले आहे, आणि तिचा सांभाळ करणाऱ्या संस्थांसाठी हलक्या कर्तव्यांचा निराळा वर्ग करून त्यांना दंडातून वगळले आहे. ही वाटणी निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. पण जो विकतो त्याने जबाबदारी घ्यावी आणि जो देतो त्याला छळू नये, ही तिची दिशा योग्य आहे. भारतासारख्या, आज्ञावली लिहिणाऱ्या मनुष्यबळावर ज्याची निर्यात मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे अशा देशाने, हा कायदा परदेशी ग्राहकांच्या करारांतून आपल्या अंगावर येण्याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही.

सरकारी कामांतही हाच विवेक लागू करता येईल. परीक्षा मंडळे, विद्यापीठे, नगरपालिका आणि महसूल खाते आपली कामे झपाट्याने संगणकाकडे सोपवीत आहेत, आणि या यंत्रणा बहुधा कंत्राटाने बांधून घेतल्या जातात. निविदेत पडद्याचा रंग आणि पानांची संख्या यांचा तपशील असतो. परंतु एका खातेदाराच्या नावाने लॉगिन करून दुसऱ्या खातेदाराच्या क्रमांकाची मागणी केली तर नकार मिळतो काय, ही साधी चाचणी, बाहेरच्या माणसाकडून करून घेऊन, काम ताब्यात घेण्याच्या अटींत लिहिली गेली पाहिजे. या चाचणीला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. ती केली काय, असे विचारणारा अधिकारी लागतो.

दप्तर कागदाचे असताना, 'सही पाहिली, पण मजकूर पाहिला नाही' ही सबब कोणत्याही हिशेबतपासनिसाने मान्य केली नाही. ज्याने नोंद केली त्याने ती कशाच्या आधारावर केली हे त्यानेच सांगावे, हा नियम कचेऱ्यांनी पिढ्यान्पिढ्यांच्या ठेचांतून शिकला. संगणकाने काम वेगाने केले म्हणून तो नियम शिथिल होत नाही. उलट एका चुकीचे परिणाम क्षणात लाखो ठिकाणी पोचत असल्यामुळे तो अधिक कडक झाला पाहिजे. जो हात शिक्का उमटवितो त्यानेच पत्र वाचावे, त्याची नोंद ठेवावी आणि चूक झाल्यास ती सांगावी, एवढी अपेक्षा कागदी कारकुनाकडून केली जात होती. अब्जावधी डॉलर्सच्या यंत्रणांकडून तिच्याहून कमी अपेक्षा करण्याचे कारण नाही.